गोषवारा आणि मखलाशी

दिल्लीच्या नैऋत्येस, पूर्वी पप्पनकलां या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भूमीवर वसविलेल्या द्वारका उपनगरात, सेक्टर आठमध्ये ज्या 'नाइलिट' संस्थेचे मुख्य कार्यालय आहे, तिच्या ऐंशी तासांच्या संगणक-परिचयाच्या अभ्यासक्रमाने, महाराष्ट्रात 2001 पासून एमएस-सीआयटीने केले तसे, असंख्य नोकरदारांना आयुष्यातील पहिला ईमेल लिहावयास शिकविले. आता त्याच्या पुढचा पाठ आला आहे. कार्यालयात दिवसभर साचणारी पत्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाकडून वाचून घ्यावी, त्यांचे सार काढून घ्यावे आणि उत्तराचा मसुदाही त्याच्याकडूनच करवावा, हे लोकांना शिकविण्याचे काम द्वारकेतील माझ्या लहानशा वर्गात मी करतो. आणि ते करताना माझे मन वारंवार मराठ्यांच्या दफ्तराकडे वळते.

दिल्लीत राहून मराठी पत्रव्यवहार सांभाळण्याची परंपरा काही आजची नव्हे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात नाशिकच्या महादेवभट हिंगण्यांनी येथे पेशव्यांची वकिली पत्करली आणि पुढे बापूजी, दामोदर व पुरुषोत्तम या त्यांच्या पुत्रांनी ती चालविली. बादशाही दरबारातील कानगोष्टी, फौजांच्या हालचाली, सावकारांचे तगादे आणि उमरावांचे रुसवे-फुगवे या साऱ्यांतून पुण्यास कळविण्याजोगे काय आणि येथेच विरून जाऊ द्यावे असे काय, याचा निवाडा त्यांना रोज करावा लागे. द. ब. पारसनिसांनी प्रसिद्ध केलेले 'दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे' किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाचे 'हिंगणे दफ्तर' चाळणाऱ्यास हा निवाडा पानोपानी प्रत्ययास येतो.

पुण्याच्या बाजूला हीच कसोटी कारकुनांची होती. रुमालात बांधलेल्या कागदांतून धन्यापुढे नेमके काय ठेवावे, यासाठी लांबलचक मजकुराचा गोषवारा काढीत. आणि ज्या प्रकरणात अनेक मुद्दे असत त्याची कलमवार याद करून प्रत्येक कलमावर धन्याचा निर्णय लिहून घेत. या निर्णयास मखलाशी म्हणत. कारकुनाने यादीत कितीही कौशल्य ओतले, तरी मखलाशी होईपर्यंत ती याद म्हणजे नुसती विचारणाच राही. गोषवारा चाकराचा आणि मखलाशी धन्याची ही जी सीमा आपल्या पूर्वजांनी आखली, तिच्याइतकी उपयुक्त गोष्ट मला नव्या शिक्षणक्रमांत अजून सापडलेली नाही.

चिटणीस बाळाजी आवजींची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. शिवाजी महाराजांनी सांगितलेले पत्र कामाच्या धांदलीत लिहावयाचे राहून गेले, रात्री वाचून दाखविण्याची आज्ञा झाली, तेव्हा त्यांनी कोरा कागद हाती धरून सबंध पत्र अस्खलित वाचले. आणि जवळ उभा असलेला मशालजी हसला तेव्हा कोठे गुपित फुटले. आजचा सहायकही कोऱ्या पडद्यावर क्षणार्धात सुबक पत्र उभे करतो, म्हणून हे साम्य वर्गात कोणीतरी काढतोच. परंतु बाळाजींच्या ओठांवर आलेला शब्द न् शब्द महाराजांच्या मनोगताशी वर्षानुवर्षे झालेल्या सहवासातून आलेला होता. यंत्रापाशी भाषा अमाप आहे. आपल्या साहेबाने काल कंत्राटदाराशी तोंडी काय ठरविले, हे मात्र आपण सांगितल्यावाचून त्याला कळण्याचा मार्ग नाही.

आणि इतके विश्वासू चिटणीस असतानाही अष्टप्रधानांत सचिवाची, म्हणजे सुरनिसाची, योजना होती. राजपत्रे तपासावी, त्यांतील उणे-अधिक अक्षर शुद्ध करावे, हे त्याचे काम. मजकूर संपला तेथे 'मर्यादेयं विराजते' अशी मुद्रा उमटे, जेणेकरून तिच्याखाली मागाहून कोणास एक ओळही घुसडता येऊ नये. रवाना होणाऱ्या कागदावर 'बार'चा शेरा पडे. आपल्या सरकारी कचेऱ्यांतील आवक-जावक नोंदीची बारनिशी त्याच वंशातली. इंग्रजी अमलात बोरू गेला, टंकलेखन यंत्र आले, पुढे संगणक आला. कागद बाहेर पडण्यापूर्वी तो दुसऱ्या नजरेखालून जावा ही रीत मात्र टिकली. ईमेलने ती मोडली, कारण लिहिणारा, तपासणारा आणि रवाना करणारा एकच मनुष्य झाला आणि या तिन्ही कामांत एका बटणाचे अंतर उरले.

उणे-अधिक अक्षर म्हणजे काय, हे एका प्रसंगाने मला पटले. माझ्या वर्गात येणाऱ्या एका कारकून बाईंनी थकलेल्या बिलाच्या तक्रारीस सहायकाकडून उत्तर लिहवून घेतले. भाषा निर्दोष, मायना यथायोग्य, स्वर नम्र. आणि मधोमध, तीन दिवसांत रक्कम अदा होईल असे आश्वासन, जे कोणीही दिलेले नव्हते! अशा पत्रांत असे काहीतरी असते, एवढ्या सवयीने यंत्राने ते घातले होते. बाईंनी विश्वासाने पत्र धाडले, आणि चौथ्या दिवशी तो पुरवठादार दारात उभा राहिला. चूक त्यांची म्हणवत नाही; गोषवारा कोठे संपतो आणि मखलाशी कोठे सुरू होते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

तेव्हापासून मी वर्गाची पद्धत बदलली. आलेल्या पत्रांची कलमवार याद सहायकाने करावी. मूळ पत्र उघडून प्रत्येक कलम रुजू करून घ्यावे. मग शिकणाऱ्याने त्यासमोर आपला निर्णय, मोडक्यातोडक्या का होईना पण स्वतःच्या शब्दांत, हाताने लिहावा: द्यावे, देऊ नये, साहेबांस विचारावे. तो कागद माझ्यासमोर आला, म्हणजे मग मी मसुद्याची आज्ञा देऊ देतो.