पाटण : रात्रदर्शन आणि खाद्यपरंपरा

पाटण हे सातारा जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे ठिकाण. कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमाजवळ, कराड–चिपळूण रस्त्यावर ते वसले आहे. कोयनानगर येथून पश्चिमेला सुमारे २० किमी.वर आहे, तर कराड पूर्वेला. तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीन लाखांच्या घरात होती. स्थळकोशांतून पाटणची ओळख बहुधा धरण, भूकंप, दातेगड आणि चाफळचे राममंदिर या चार खुणांवर संपते. प्रस्तुत नोंद मात्र सूर्य मावळल्यानंतरच्या पाटणविषयी आणि तेथल्या ताटाविषयी आहे. पाटणची रात्र पाहण्याजोगी आहे, पण दिव्यांची दाटी मोजून ती पाहू गेल्यास हाती काही लागत नाही. येथले पाणी, वीज आणि माणसे कुठून कुठे गेली हे कळले, तरच समोरच्या काळोखाचा अर्थ लागतो. त्यासाठी गावचा जाणता वाटाड्या लागतो, असे या नोंदीचे म्हणणे आहे.

रात्रीचे दृश्य हेच एक प्रेक्षणीय स्थळ मानण्याची रीत जपानने पद्धतशीर रुजवली. हाकोदाते, कोबे आणि नागासाकी ही तेथली पूर्वापार नावाजलेली तीन रात्रदृश्ये. हाकोदातेचा डोंगर ३३४ मीटर उंच, नागासाकीचा इनासा ३३३ मीटर. दोन्हीकडे रज्जुमार्गाने वर जायचे, बंदराभोवतीचा दिव्यांचा पसारा पाहायचा आणि खाली उतरून हाकोदातेत माकूल किंवा नागासाकीत चाम्पोन नावाचा शेवयांचा रस्सा खायचा, असा तो ठरीव कार्यक्रम. उंच जागा, पायथ्याशी दाट वस्ती आणि शेवटी शहराचे खाणे हे त्याचे सूत्र. तेच सूत्र पाटणला लावले तर निराशा ठरलेली. दातेगडावरून खाली पाटण गावाचा एक पुंजका दिसतो, महामार्गावरच्या गाड्यांची सरकती ओळ दिसते, डोंगरउतारावर वाड्यांचे तुरळक दिवे दिसतात आणि उरलेले सारे काळे असते. पण खुद्द जपाननेही एकच माप मानलेले नाही. ओकायामा प्रांतातील बिसेई या लहान गावाने १९८९ मध्ये दिव्यांचा उजेड आकाशात सांडू नये म्हणून नियम केला आणि आपला काळोख राखला. महाराष्ट्रातही पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तेव्हा दिवे थोडे म्हणून रात्र पाहण्यालायक नाही, हा निकष आता टिकत नाही.

तरीही पाटणचा काळोख बिसेईसारखा किंवा पेंचसारखा नाही, आणि याच ठिकाणी या स्थळाचे वेगळेपण आहे. महाबळेश्वरला उगम पावून दक्षिणेकडे वाहणारी कोयना हेळवाकजवळ एकदम पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. या वळणाच्या अलीकडे, १९५६ ते १९६४ या काळात, १०३ मीटर उंचीचे धरण बांधले गेले. मागे सुमारे ५० किमी. लांबीचा शिवसागर जलाशय पसरला. त्याची साठवणक्षमता आज १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. यातले मोठे पाणी नदीच्या वाटेने पूर्वेला जात नाही. सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी ते पश्चिमेला कोकणात उतरवले जाते, आणि कृष्णा पाणीतंट्याच्या निवाड्याने त्यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. त्यातली धरणाच्या पायथ्याशी तयार होणारी वीज जेमतेम ४० मेगावॉट, बाकीची चिपळूण तालुक्यात पोफळी-कोळकेवाडीच्या बाजूला. म्हणजे पाऊस पाटणच्या डोंगरांवर पडतो, गावे पाटण-जावळीची बुडतात, जनित्रे घाटाखाली फिरतात आणि दिवे मुंबई-पुण्यात लागतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचारनंतर कोयना परिसर भूकंपाने हादरला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्याच धक्क्याने वीजगृह बंद पडले आणि मुंबईचा वीजपुरवठाही कोलमडला. दोन ठिकाणच्या रात्री एकाच तारेला बांधलेल्या आहेत, याचा याहून कठोर पुरावा शोधावा लागत नाही. माणसांची वाटही तीच. मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत ओझी वाहणाऱ्या माथाडींमध्ये पाटण-जावळीकडचे लोक फार मोठ्या संख्येने होते. ज्यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला, ते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांचे कौतुक करणाऱ्याने पाटणची एक रात्र पाहिली पाहिजे, कारण ते दृश्य अर्धे इथले आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या वाट्याला आलेल्या अंधाराला सौंदर्य म्हणणे ही थट्टा नव्हे काय? आक्षेप रास्त आहे आणि गोड शब्दांनी तो उडवून लावू नये. कोयना धरणग्रस्तांचे पुनर्वसन साठ वर्षांनंतरही आंदोलनाचा विषय आहे. डोंगरातल्या वाडीला रस्त्यावर दिवा हवा असतो, पावसाळ्यात खंडित न होणारी वीज हवी असते, आणि पाहुण्याला तारे दिसावेत म्हणून तिने ती नाकारावी असे कोणी सुचवू शकत नाही. पण घरातला उजेड आणि आकाशात फेकलेला उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाली तोंड असलेला, झाकण असलेला दिवा वाट उजळतो आणि आकाश काळेच ठेवतो. बिसेईचा नियम नेमका हाच. काळोखाचे मोल सांगणे आणि वीज मागणे यांत विरोध नाही. विरोध आहे तो हॉटेलांच्या प्रखर झोतांशी, आणि त्यांची मागणी वाडीने केलेली नसते.

दुसरा आक्षेप वनाचा. कोयना अभयारण्य (१९८५) आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कोयना अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीतही आहे. तेथे रात्री माणसाचे काम नाही, हे निर्विवाद. म्हणून नवजा, जंगली जयगड, ओझर्डे धबधबा ही दिवसाची ठिकाणे मानावीत आणि रात्रदर्शन अभयारण्याबाहेर, गावशिवारात व पठारांवर ठेवावे. सडावाघापूरचे पठार उलट्या धबधब्यासाठी पावसाळ्यात गजबजते. कोरड्या दिवसांत तेच पठार आकाश पाहण्यास उत्तम, कारण क्षितिज चहूकडे मोकळे. वनकुसवड्याच्या पठारावर नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्यांची रांगच उभी राहिली, आणि चांदण्यात त्यांची पाती फिरताना दिसतात. कोणाला त्या विद्रूप वाटतात. पण पाण्यानंतर वाराही येथूनच विजेच्या कामाला लागला, हे ज्याला पाहायचे त्याला याहून चांगली जागा नाही. दातेगडावर संध्याकाळ गाठावी आणि पूर्ण अंधार पडण्याआधी खाली यावे. तेथली कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर दिवसा कितीही देखणी असली, तरी अंधारात तिच्या काठाशी जाणे शहाणपणाचे नाही. वळवाच्या सरींनंतर, मेअखेर ते जूनच्या सुरुवातीस, झाडांवर काजवे पेटतात. त्या वेळी बॅटरी बंद ठेवणे हीच पाहुण्याची खरी परीक्षा.

खाण्याच्या बाबतीत शंका वेगळी आहे. भाकरी, झुणका, खर्डा, कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा हे तर साऱ्या सातारा-सांगलीत मिळते. मग पाटणचे असे काय? पदार्थांच्या नावांची यादी केली तर शंकेखोर बरोबर ठरतो. पण ताट नावांनी बनत नाही, पावसाने बनते. नवज्याला बहुतेक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तालुक्याच्या पूर्व कडेला, मल्हारपेठेच्या पुढे, त्याचा लहानसा हिस्सा. म्हणून पश्चिमेला भात, नाचणी आणि वरी, तर पूर्वेला ज्वारी, भुईमूग आणि ऊस. तास-दीड तासाच्या प्रवासात भाकरीचा रंग बदलतो. नाचणीची काळपट भाकरी, तांदळाची पांढरी, ज्वारीची पिवळसर. हुलगा दोन्हीकडे आहे. त्याचे माडगे, शेंगोळी आणि पिठले थंडीत होते. पावसाळ्याच्या तोंडाला कुर्डू, टाकळा, भारंगी, चिव्याचे कोंब आणि अळंबी येतात, ओढ्यांना खेकडे मिळतात आणि त्यांचा रस्सा पोटभर भातावर ओतला जातो. भारंगीचा पाला उकळून, पिळून कडूपणा घालवावा लागतो. अळंबीतली कोणती खावी आणि कोणती टाळावी, हे पुस्तकातून शिकण्याचे काम नाही. त्यात कुंभार्ली घाटाने आणखी एक धागा जोडला. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर येत राहिली, आणि घाटमाथ्यावरचे धान्य, गूळ, मिरची खाली जात राहिली. घाटावरच्या स्वयंपाकघरात सुकट-बोंबलाला जी सहज जागा आहे, ती या रस्त्यामुळे. महामार्गावरच्या ढाब्यांत मात्र हे ताट शोधू नये. तेथे कराडकडचा अख्खा मसूर चांगला मिळेल, मिसळ मिळेल आणि सर्वत्र सारखी चव असलेली पनीरची भाजीही मिळेल. नाचणी आणि हुलगा घरात शिजतात आणि त्यासाठी आदल्या दिवशी सांगावे लागते.

वाटाड्याचा आग्रह याचसाठी. हाकोदातेच्या माथ्यावर दिवे स्वतःच बोलतात, वाटाड्या नसला तरी दृश्य कमी होत नाही. पाटणला समोर काळोख असतो आणि त्यात कोणती वाडी उठून गेली, अतिदाब वाहिनीचे मनोरे कोणत्या दिशेला जातात, शिवसागराचे पाणी कुठे सुरू होते, हे सांगणारा नसेल तर पाहुणा अर्ध्या तासात कंटाळतो. असा माणूस बाहेरच्या प्रवासी कंपनीकडून आणू नये. ज्याच्या घरी जेवायचे त्याच घरातला किंवा शेजारचा असावा आणि त्याला वेळेचा मोबदला, जेवणापासून वेगळा, ठरवून द्यावा.

जवळचे रेल्वे स्थानक व मोठे बसस्थानक कराड. आकाशासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अमावास्येच्या मागचेपुढचे दिवस घ्यावेत. काजव्यांसाठी जूनचा पहिला आठवडा. जुलै-ऑगस्टमध्ये धुके आणि पाऊस यांमुळे रात्री काहीच दिसत नाही, ताट मात्र त्याच दोन महिन्यांत सर्वांत भरलेले असते.