किस बाहुली

संगणकाच्या पडद्यावर माउसने कपडे चढवण्या-उतरवण्याची अंकीय कागदी बाहुली (पहा : कागदी बाहुल्या). ‘किस’ हे ‘किसेकाए सेट सिस्टिम’चे संक्षिप्त रूप; जपानीत ‘किसेकाए’ म्हणजे कपडे बदलणे. १९९१ मध्ये मिओ.एच. या टोपणनावाच्या जपानी आज्ञावलीकाराने एनईसी कंपनीच्या पीसी-९८०१ संगणकासाठी ही पद्धत रचली. अंग, झगा, बूट यांची चित्रे स्वतंत्र ‘सेल’ फायलींत असतात. त्यांचा वरखाली क्रम साध्या मजकुराची फाईल ठरवते. उदा., झग्याची मागची बाजू अंगाखाली, पुढची अंगावर. दोन्हींना एकच क्रमांक दिल्याने त्या एकत्र सरकतात. ही रचना विशेष कल्पक होय. सर्व फायली एलझेडएच या संपीडित स्वरूपात बांधून वाटल्या जात (पहा : विदासंपीडन). दर्शक-आज्ञावली वेगळी असल्याने तीच बाहुली अमिगा, मॅकिंटॉश व विंडोजवरही चाले.