गोव्यांतील ख्रिस्ती यतिसंघ आणि देशी पाद्री

क्रिस्तपुराणाच्या पोथ्या हाताळणाऱ्या संशोधकांचें लक्ष बहुधा ओंवी, भाषा व लिपि यांकडे वेधलें जातें, आणि तें योग्यच आहे. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघी पाद्री थॉमस स्टीफन्स हे इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आले व १६१६ मध्यें त्यांचा हा मराठी ग्रंथ राचोल येथें छापला गेला. त्या छापील प्रती नाहींशा झाल्या. हस्तलिखितें मात्र रोमन व देवनागरी या दोन्ही लिपींत टिकलीं. परंतु आम्हांस येथें निराळाच प्रश्न उपस्थित करावयाचा आहे. ज्या संघाच्या यतीनें आमच्या भाषेंत पुराण रचिलें, त्या संघांत आमच्या भाषेच्या माणसास व्रतस्थ होऊन राहतां येत होतें काय ?

जवळजवळ नाहीं, हेंच उत्तर द्यावें लागतें. कोल्लमचा ब्राह्मण पेद्रु लुईस यास सोळाव्या शतकांत येशूसंघांत प्रवेश मिळाला, तो अपवाद होय. संघाचे पूर्वेकडील अधिकारी वालिन्यानो यांनीं जपानी उमेदवारांस दार उघडलें, हिंदी उमेदवारांस मात्र विरोध केला. गोव्याचा ब्राह्मण ख्रिस्ती होऊन धर्मप्रांताचा पाद्री होऊं शके. यति होणें त्यास दुर्घट होतें. पुढें १६८४ मध्यें, फ्रान्सिस्कन यतींच्या सांगीवरून, विजरईनें देशभाषा सोडून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज बोलावी असें फर्मान काढलें. भाषा स्वीकारून माणूस नाकारणें हें धोरण अखेर भाषेवरही उलटलें, असें आमचें मत आहे.

याच सुमारास गोव्यांतील कांहीं देशी पाद्र्यांनीं जुन्या गोव्यांत चमत्कारी क्रूसाच्या देवालयापाशीं एकत्र राहण्यास आरंभ केला. १६८५ मध्यें बाणावलीचे जुझे वाझ त्यांस येऊन मिळाले आणि संत फिलिप नेरीच्या ओरेटरीच्या धर्तीवर या मंडळीस नियमबद्ध स्वरूप आलें. परक्यांनीं न दिलेला मठ त्यांनीं स्वतःच उभारिला. मात्र येथेंही एक दार बंदच राहिलें : या मठांत प्रवेश ब्राह्मणांसच होता. चार्डो ज्ञातीच्या पाद्र्यांस अठराव्या शतकांत चिंबल येथें आपला वेगळा कार्मेली मठ काढावा लागला. हा भाग चरित्रकार चटकन् उरकतात.

वाझ १६८७ मध्यें डचांची बंदी चुकवून वेष पालटून सिंहलद्वीपांत शिरले व १७११ मध्यें कांडी येथें वारले. १७०५ मध्यें तेथें पोंचलेले दिवाडीचे जाकोमे गोन्साल्व्हिस यांनीं सिंहली व तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली. तिच्या नकला ताडपत्रांवरही आढळतात. त्यांच्यापुढें स्टीफन्स यांचा कित्ता होता काय, याचा निर्णय पोथ्या शेजारीं ठेवूनच करावा लागेल. पोर्तुगीज सरकारनें १८३५ मध्यें गोव्यांतील यतिसंघ मोडले, त्यांत ओरेटरीही गेली. वाझ यांस संतपद मिळालें तें २०१५ मध्यें.

आज येशूसंघाचे सर्वाधिक सभासद भारतांत आहेत. दाराबाहेर ठेवलेल्यांच्याच वंशजांवर या संघांचें भवितव्य मोठ्या अंशीं अवलंबून आहे. घरांतली भाषा कोणती व पंक्तींत कोण, हे जुनेच प्रश्न आतां त्यांच्या पुढ्यांत आहेत.

आणखी एक गोष्ट. जोसेफ सालढाणा यांची क्रिस्तपुराणाची मंगळूरची आवृत्ति (१९०७) हस्तलिखितांवरूनच सिद्ध झाली. तेव्हां संग्राहकांस विनंती कीं, अशी पोथी हातीं आल्यास मूळ संहितेइतकेंच लेखकाचें नांव, त्याचें गांव व मालकाची नोंद हींही उतरून घ्यावींत.