टर्बो गाडीचं इंजिन उतरवायचंय? कोणते पार्ट बदलायचे आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत

विश्रांतवाडी चौकात संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहा. आळंदी रोडने येणाऱ्या, धानोरीकडे वळणाऱ्या आणि विमानतळाकडे निघालेल्या गाड्यांत जुन्या डिझेल स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा हमखास दिसतील. कुणाची घरची पहिली गाडी, कुणाची पोटापाण्याची कॅब. यातल्या बऱ्याच गाड्या आता अशा वयात आल्यात की कधी ना कधी गॅरेजवाला सांगतोच, "साहेब, इंजिनचं काम काढावं लागेल."

इथून खरा गोंधळ सुरू होतो. एक जण म्हणतो, फक्त रिंगा टाकू. दुसरा म्हणतो, टर्बो गेलाय. तिसरा सुचवतो, हाफ इंजिनच बसवून टाका. खर्चाचा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा. मग विश्वास कुणावर ठेवायचा? त्यासाठी आधी हे इंजिन समजून घेऊ.

नाव तीन, इंजिन एकच

मारुती याला डीडीआयएस म्हणायची, टाटा क्वाड्राजेट आणि फियाट मल्टीजेट. आत मात्र फियाटचंच १.३ लिटरचं डिझेल इंजिन. जानेवारी २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये आलं, २००८ मध्ये इंडिका व्हिस्टामध्ये. मारुतीसाठी ते हरियाणातल्या मानेसरला बनायचं. फियाट आणि टाटांसाठी ते बनायचं आपल्या पुण्याजवळच, नगर रस्त्यावरच्या रांजणगावला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले आणि या इंजिनाचा भारतातला प्रवास संपला.

आकडे असे: १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. बोअर ६९.६ मि.मी., स्ट्रोक ८२ मि.मी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, टायमिंगला बेल्टऐवजी चेन. साध्या टर्बोवर ताकद ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटर. व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो असलेल्या गाड्यांत ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटर.

ब्लॉक दणकट आहे. त्यामुळे नीट निदान झालं, तर या इंजिनाला अनेकदा 'माइल्ड रिबिल्ड' पुरतं. म्हणजे ताकद वाढवायच्या भानगडीत न पडता, झिजलेलं तेवढं बदलून इंजिन कंपनीच्या मापात परत आणायचं.

आधी कारण शोधा, यादी नंतर

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. इंजिन का गेलं, याचं उत्तर मिळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

उदाहरण घ्या. गाडी निळसर धूर मारते आणि ऑइल खाते. रिंगा झिजल्या असतील, टर्बोतून ऑइल गळत असेल किंवा व्हॉल्व्हचे सील गेले असतील. बाहेरून तिन्हींची लक्षणं जवळपास सारखीच दिसतात.

त्यात आणखी एक मेख आहे. टर्बोला वंगण म्हणून आलेलं ऑइल एका पाइपने आपल्या वजनाने चेंबरमध्ये परत उतरतं. रिंगा झिजल्या की सिलिंडरमधला वायू खाली चेंबरमध्ये घुसतो. याला ब्लो-बाय म्हणतात. चेंबरमधला दाब वाढला की टर्बोचं ऑइल खाली उतरत नाही, सीलमधून बाहेर पडायला लागतं. मेकॅनिक टर्बो बदलतो, पण नवा टर्बोही थोड्याच दिवसांत गळतो. दोष टर्बोत नव्हताच, तो होता रिंगांत.

म्हणून इंजिन उतरवण्याआधी या तपासण्या करून घ्या:

• चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. एकच सिलिंडर कमी असेल तर गोष्ट वेगळी, चारही कमी असतील तर वेगळी.
• लीक-डाउन टेस्ट. सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते ऐकायचं. ऑइल फिलरमधून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा.
• ऑइलचा दाब, गेज लावून. डॅशबोर्डवरचा दिवा फार उशिरा लागतो.
• टर्बोच्या शाफ्टचा खेळ. बाजूला किंचित हलणं चालतं, पण पाती आतल्या भिंतीला घासता कामा नयेत. पुढे-मागे हालचाल हाताला जाणवायला नको.

एक इशारा. टर्बोतून फार ऑइल गळत असेल तर डिझेल इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून जाळायला लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, उलट वेग वाढतच जातो. अशा वेळी बॉनेट उघडून आत हात घालू नका. गाडी मॅन्युअल असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका, क्लच झटकन सोडा आणि इंजिन बंद पाडा. गळका टर्बो 'बघू नंतर' म्हणून पुढे ढकलू नये तो यासाठीच.

इंजिन खोललं, आता काय काय बदलायचं?

पिस्टन, रिंगा, बोअर: बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा मोजायला सांगा. बोअर मापात असेल तर होनिंग करून नव्या स्टँडर्ड रिंगा पुरतात. झीज किंवा खोल ओरखडे असतील तरच बोअर वाढवून ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचे. इथे क्रम पाळा: पिस्टन आधी हातात, लेथवर ब्लॉक नंतर. हातातले पिस्टन मोजूनच बोअर कापायचा असतो. बोअर वाढवला की ताकद वाढते, हाही गैरसमज. बोअर अर्धा मि.मी. वाढवला तरी १२४८ सीसीचे साधारण १२६६ होतात, म्हणजे जेमतेम दीड टक्का फरक.

रिंग बसवण्याआधी ती बोअरमध्ये सरळ ठेवून तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजने मोजायची असते. टर्बो इंजिनात उष्णता जास्त, रिंग जास्त फुगते. फट कमी पडली तर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड तुटते. रिंगा डब्यातून काढून थेट बसवल्या जात असतील, तर तिथेच थांबवा.

बेअरिंग: मेन आणि कॉनरॉडचे शेल सरसकट नवे. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने मोजून घ्या. ते मापात आणि गुळगुळीत असतील तर उगाच ग्राइंड करू नका. शेल आणि जर्नल यांच्यातली फट साधारण जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी असते. म्हणजे ५० मि.मी. जर्नलला ०.०५ मि.मी. हा ढोबळ अंदाज झाला, अंतिम शब्द सर्व्हिस मॅन्युअलचा.

हेड गॅस्केट आणि बोल्ट: डिझेलमध्ये एकाच इंजिनाला वेगवेगळ्या जाडीची गॅस्केट येतात. पिस्टन ब्लॉकच्या पातळीच्या वर किती डोकावतो ते डायलने मोजून जाडी ठरते. गॅस्केटच्या कडेच्या खाचा किंवा भोकं ती जाडी सांगतात. 'या गाडीचं गॅस्केट द्या' एवढं दुकानात सांगून भागत नाही. चुकीचं पातळ गॅस्केट लागलं तर पिस्टन वर आपटू शकतो, जाड लागलं तर कॉम्प्रेशन कमी होतं. हेडचे बोल्ट आवळताना ताणले जातात, म्हणून तेही नवे घ्या.

टायमिंग चेन: इंजिन उघडलंच आहे तर चेन, टेन्शनर, गाइड असा पूर्ण सेट बदला. चेन ऑइलवर चालते. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती ताणली जाते, आणि चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. टायमिंग लावायला लॉकिंग टूल लागतं. गॅरेजकडे ते आहे का, आधीच विचारा.

ऑइलचा रस्ता: सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. ऑइल पंप मोजून घ्या, स्ट्रेनर साफ करा. बेअरिंग खराब झालं असेल तर त्याचा धातूचा चुरा ऑइल कूलरमध्ये जाऊन बसतो. तो धुऊन पूर्ण निघेल याचा भरवसा नसतो, म्हणून कूलर बदललेला बरा. नाहीतर नव्या इंजिनात जुना चुरा फिरत राहतो.

टर्बो: शाफ्ट ठीक असेल तर टर्बो वाचवता येतो. मात्र त्याचा ऑइल फीड पाइप नवा घ्या. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जातो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. पाइपात कार्बन अडकला की तो थर संपतो. टर्बो फुटला असेल तर इंटरकूलरही धुवा, त्यात पात्यांचे तुकडे आणि ऑइल साचतं.

इंजेक्टर: काढताना सिलिंडर क्रमांक लिहून ठेवा, तांब्याचे वॉशर नवे घाला. अनेक कॉमन रेल इंजिनांत इंजेक्टर बदलला की त्याचा कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो.

कशावर पैसे घालवू नका

मोठा टर्बो, फोर्ज्ड पिस्टन, ताकद वाढवणारं रीमॅप. रोज विश्रांतवाडी ते खराडी गर्दीतून जाणाऱ्या गाडीला यातलं काही लागत नाही. बूस्ट वाढवला की उष्णता वाढते, आणि त्याचा ताण क्लच, गिअरबॉक्स आणि आत्ताच बसवलेल्या गॅस्केटवर पडतो. ईजीआर बंद करून देणारेही भेटतील. तो बंद केला की प्रदूषण वाढतं आणि ते नियमात बसत नाही. कार्बन साफ करून घ्या, एवढं पुरतं.

पेट्रोल टर्बो असेल तर?

मोजमापाची पद्धत तीच, शत्रू वेगळा. तिथे नॉकिंग, म्हणजे इंधन चुकीच्या क्षणी स्वतःहून पेटणं, पिस्टन फोडतं. म्हणून कॉम्प्रेशन रेशो बदलेल असं काही करू नका. हेड गरजेपेक्षा जास्त फेसिंग केलं तरी रेशो वाढतो. स्पार्क प्लग कंपनीने सांगितलेल्या हीट रेंजचेच हवेत.

पार्ट कुठून आणि कागदांचं काय?

नाना पेठेत पार्ट मिळतात, पण त्यात तीन प्रकार असतात: गाडीच्या कंपनीच्या डब्यातले, तो पार्ट मुळात बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या नावाचे, आणि नकली. दुसरा प्रकार बहुतेक वेळा स्वस्त आणि चांगला पडतो. बेअरिंग, गॅस्केट, चेन आणि ऑइल पंप यांत तडजोड नको. जीएसटी बिल घ्या आणि जुने पार्ट परत मागा.

हाफ इंजिन किंवा दुसरा ब्लॉक टाकला तर इंजिन नंबर बदलतो. त्याची नोंद आरसी बुकवर हवीच, नाहीतर विमा आणि गाडीविक्री दोन्ही अडतात. पुणे आरटीओचं एक कार्यालय विश्रांतवाडीजवळच, आळंदी रोडवर फुलेनगरला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाने बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ ब्लॉक ठेवून केलेल्या साध्या दुरुस्तीला हा प्रश्न येत नाही.

आणखी एक हिशोब. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. मुदत जवळ आली असेल तर चॅसी, गंज आणि सस्पेन्शन आधी तपासा. गाडीच खिळखिळी असेल तर उत्तम इंजिनही पैसे वसूल करून देणार नाही.

इंजिन बसवल्यावर

पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंधन बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थोडं थोडं फिरवायचं, ऑइलचा दाब येईपर्यंत. टर्बो कोरडा फिरला तर पहिल्याच मिनिटात नुकसान होतं. पहिले हजार किलोमीटर इंजिनावर पूर्ण जोर देऊ नका, पण एकाच वेगाने रेंगाळतही राहू नका. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला. पुढे ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, आणि वेळेवर.

काम देण्याआधी गॅरेजवाल्याला तीनच प्रश्न विचारा. इंजिन कशामुळे गेलं? मापं कागदावर लिहून द्याल का? ऑइल कूलर आणि टर्बोच्या पाइपचं काय करणार? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर गाडी तिथे सोडायला हरकत नाही. 'ते आमच्यावर सोडा' असं उत्तर आलं, तर चावी परत घ्या आणि पुढचं गॅरेज बघा.