जमिनीवरची लढाई

आमच्या गोव्यात दिवाळी म्हणजे नरकासुर. रात्रभर मिरवायचा आणि पहाटे जाळायचा. पण माझं आजोळ बेळगावचं, त्यामुळे दिवाळीचा किल्लाही माझ्या वाट्याला आला. दगड, विटा, वर ओलं गोणपाट, त्यावर लाल मातीचा लेप आणि हिरवळीसाठी पेरलेली मोहरी. गडावर महाराज, बुरुजांवर मातीचे मावळे. मावळे मांडून झाले की मोठी माणसं म्हणत, आता हात लावायचा नाही. आमचे हात मात्र शिवशिवत असत. सैन्य आहे, तोफा आहेत, मग लढाई का नाही?

ही हौस मोठमोठ्या माणसांनाही होती, हे पुढे वाचनात आलं. प्रशियात बॅरन फॉन राइस्विट्झ यांनी १८१२ साली राजासाठी युद्धाच्या खेळाचं एक मेजच बनवलं. त्यावर डोंगर, नद्या, रस्ते मांडता येत. त्यांच्या मुलानं, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ साली तो खेळ नकाशावर आणला. एक चाल म्हणजे दोन मिनिटांचा वेळ, फासे टाकून नुकसान ठरवायचं आणि निवाड्याला पंच बसवायचा. सरसेनापतींच्या कचेरीला तो इतका पसंत पडला की अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो सैन्यात पाठवला गेला. म्हणजे हा खेळ खऱ्या युद्धाची तालीम होता.

त्याच खेळाला उलटं वळण दिलं एच. जी. वेल्स यांनी. 'टाइम मशीन' लिहिणारे तेच वेल्स. १९१३ साली त्यांनी 'लिटल वॉर्स' नावाचं छोटंसं पुस्तक काढलं. बारापासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हा खेळ आहे, असं त्याच्या लांबलचक उपशीर्षकातच म्हटलंय! ब्रिटन कंपनीचे पोकळ शिशाचे शिपाई तेव्हा इंग्लंडात घरोघरी होते. शिवाय लाकडाची गोळी उडवणारी स्प्रिंगची छोटी तोफ मिळत होती. एवढ्या सामानावर वेल्स यांनी घरच्या जमिनीवर रणांगण थाटलं.

नियम अगदी सुटसुटीत. पायदळ एका चालीत एक फूट, घोडदळ दोन फूट. तोफेजवळ चार माणसं असतील तरच ती चालेल, आणि एका चालीत चार गोळे. गोळ्यानं जो आडवा झाला तो मेला, फाशांची भानगडच नाही. प्रत्येक चालीला घड्याळ लावलेलं, म्हणजे विचार करत बसायची सोय नाही. दोन तुकड्या भिडल्या की माणसाला माणूस, दोन्हीकडचे सारखेच उचलायचे.

मागच्या दिवाळीत मी हा खेळ बेळगावला भाच्याबरोबर खेळून पाहिला. माझ्या बहिणीलाही तिथंच दिलीय. हॉलमध्ये फरशीवर पुस्तकांच्या टेकड्या केल्या, चपलांच्या खोक्यांची घरं केली. प्लॅस्टिकचे हिरवे सैनिक कमी पडले म्हणून किल्ल्यावरचे काही मावळे उतरवले. दोघांकडे वीस वीस माणसं. तोफ नव्हती, म्हणून तिच्या जागी गोटी ठेवली आणि टिचकीनं मारायची ठरवली. अर्ध्या तासात निकाल.

पहिल्याच चालीत भाच्यानं माझे तीन पाडले. मी चिडलो. हो, या वयात! मग मीही त्याचे पाडले. शेवटी माझे नऊ आणि त्याचे सात खोक्याच्या घरापाशी भिडले. माणसाला माणूस. त्याचे सात गेले, माझेही सात गेले. दोन उरले.

"मी जिंकलो," मी म्हणालो.

भाचा फरशीकडे बघत होता. "मामा, वीसातले दोन उरले. त्याला जिंकलं म्हणतात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पडलेले शिपाई एकेक करून डब्यात भरत बसलो. गोटी लागून एका मातीच्या मावळ्याचं मुंडकं उडालं होतं. ते सोफ्याखाली सापडलं.

वेल्स यांनाही नेमकं हेच सांगायचं होतं. हा खेळ तीन-चार वेळा खेळलात की खरं युद्ध केवढा मोठा गाढवपणा आहे ते कळेल, अशा अर्थाचं त्यांनी पुस्तकाच्या अखेरीस लिहिलंय. पुस्तक आलं १९१३ ला. १९१४ च्या ऑगस्टपर्यंत अर्धा युरोप युद्धात उतरला होता. आणि खुद्द वेल्सही मग हे युद्ध युद्धांचा शेवट करणारं ठरेल, अशी बाजू मांडू लागले. शहाणपण सांगणं सोपं, टिकवणं कठीण. असो.

त्या युद्धाची झळ इथवर आली. इराकमध्ये तैग्रिस नदीकाठच्या कुत या गावी सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये वेढ्यात अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं, घोडी-खेचरं मारून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांतली हजारो परतलीच नाहीत. त्याच पलटणींचा वारसा चालवणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आज बेळगावात आहे, बहिणीच्या घरापासून फार लांब नाही.

राइस्विट्झ यांचा खेळ नकाशावरचा. तिथं तुकडीचा एक ठोकळा उचलला की झालं. वेल्स यांच्या खेळात पडलेला प्रत्येक शिपाई आपल्याला वाकून, स्वतःच्या हातानं उचलावा लागतो. मला वाटतं, दोन्ही खेळांतला खरा फरक एवढाच आहे.

मावळ्याचं मुंडकं फेविकॉलनं चिकटवून भाच्यानं त्याला परत बुरुजावर ठेवलं. मान थोडी वाकडी बसलीय. ती सरळ करू का, असं मी विचारलं, तर नको म्हणाला.