बंदरावरचा करार

परक्या देशातला माणूस नोकरीवर घ्यायचा तर कायद्याने काय काय करावं लागतं, हे आज कंपन्यांचे वकील आणि मनुष्यबळ विभाग बघतात. करार, वैद्यकीय तपासणी, मुदत, परतीचं भाडं, विमा, सरकारी परवानगी. ही यादी आधुनिक वाटते. भारतापुरतं बोलायचं तर तिचा बराचसा भाग १८३७ साली कलकत्त्यात लिहिला गेला, आणि तो उसाच्या मळेवाल्यांसाठी.

ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी संपवण्याचा कायदा १८३३चा. मळे तसेच राहिले, माणसं हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरले आणि पाठोपाठ जहाजांची रांग लागली. सुरुवातीला या वाहतुकीवर फारसा अंकुश नव्हता. मग ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८३७चा पाचवा कायदा केला. कलकत्त्याहून निघणाऱ्या मजुराने आणि त्याला नेणाऱ्या एजंटाने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जातीने हजर व्हायचं. कराराच्या अटी लेखी दाखवायच्या. मुदत पाच वर्षांपेक्षा जास्त नको, आणि ती संपली की मजुराला परत आणून सोडायची जबाबदारी नेणाऱ्याची. जहाजात माणशी जागा किती, अन्न काय, डॉक्टर आहे की नाही, हेही पाहायचं. त्याच वर्षी हे नियम मुंबई आणि मद्रासलाही लागू झाले.

त्या काळाच्या मानाने हा कायदा वाईट नव्हता. त्याची मर्यादा एकच होती, पण ती फार मोठी होती: त्याचा अंमल किनाऱ्यापाशी संपत होता. अधिकारी मजुराला विचारणार, ‘समजलं का? राजी आहेस का?’ मजूर मान हलवणार. पुढे मळ्यावर त्या कागदाचं काय होतं, हे पाहायला तो अधिकारी तिथे नव्हता.

परिणाम दिसायला फार वेळ लागला नाही. १८३८ साली ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही जहाजं ब्रिटिश गयानाला गेली. त्यामागे होता जॉन ग्लॅडस्टन, पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा बाप आणि आधी गुलामांच्या जिवावर मळे चालवलेला माणूस. गुलामगिरीविरोधी कार्यकर्ता जॉन स्कोबल तिथे जाऊन आला आणि फटके, कोंडून ठेवणं, आजाऱ्यांची आबाळ यांच्या हकिकती लंडनमध्ये जाहीर झाल्या. १८३९मध्ये मजुरांच्या निर्गमनावर बंदी आली. मळेवाल्यांच्या दबावाने १८४२ साली ती मॉरिशसपुरती उठली, आणि १८४४मध्ये वेस्ट इंडीजही खुलं झालं.

या दुसऱ्या फेरीत सरकारने एक नवं पद रुजवलं: प्रोटेक्टर, म्हणजे संरक्षक. एक इकडच्या बंदरात, एक तिकडे. मुंबई बंदरातूनही माणसं गेली. मॉरिशसमधला आजचा मराठी समाज त्यांचाच वंशज, आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. पण माणसं गोळा करण्याचं काम गावोगाव फिरणाऱ्या अरकाट्यांच्या, म्हणजे भरती करणाऱ्या दलालांच्या, हाती होतं. दूर देशी जायचंय, समुद्र ओलांडायचाय, हे ते धड सांगत नसत. अधिकाऱ्यापुढची ती मान बऱ्याचदा आधीच पढवलेली असे.

मॉरिशसमध्ये पुरुष मजुराला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची, याला ‘डबल कट’ म्हणत. १८६७च्या कायद्यानंतर करार संपलेल्यांनाही फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटक्या म्हणून अटक. त्या काळचे हजारो फोटो मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहेत. त्यांतले चेहरे सरळ कॅमेऱ्याकडे पाहतात, आणि मला ते फार वेळ बघवत नाहीत.

सगळ्यात घातक कलम वेगळंच होतं. साधा नोकर काम सोडून गेला तर मालक दिवाणी दावा करू शके. गिरमिटिया, म्हणजे असा करारावरचा मजूर, काम सोडून गेला तर तो गुन्हा ठरे आणि त्याची जागा तुरुंगात. १८९४मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला बालसुंदरम नावाचा तमिळ मजूर गांधींकडे आला. मालकाने मारून त्याचे पुढचे दोन दात पाडले होते. मालकाला शिक्षा व्हावी असं गांधींना वाटत नव्हतं. त्या माणसाची सुटका हवी होती. आत्मकथेत ते सांगतात, की वाटा दोनच होत्या. संरक्षकाने करार रद्द करावा किंवा दुसऱ्याच्या नावे करावा, नाहीतर मालकाने स्वतः सोडावं. अखेर गांधींनी दुसरा मालक शोधला आणि करार त्याच्या नावे झाला. मार खाल्लेल्या माणसालाही नोकरी सोडण्यासाठी नवा मालक लागत होता.

ही व्यवस्था मोडण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांचा वाटा मोठा आहे, आणि आपल्याकडे त्याची आठवण फार कमी काढली जाते. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडला: दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीसाठी करारी मजुरांची भरती थांबवा. नाताळमध्ये करार संपल्यावर ना परत जाणाऱ्या, ना नवा करार करणाऱ्या भारतीयावर वर्षाला तीन पौंडांचा कर होता. मळेवाल्यांना मजूर हवा होता, नागरिक नको होता. सरकारने ठराव मान्य केला आणि १ जुलै १९११पासून ती भरती बंद झाली. माणसं जिथून जातात तो देश नळ बंद करू शकतो, हे त्यातून दिसलं. ४ मार्च १९१२ रोजी गोखल्यांनी सगळीच गिरमिट पद्धत रद्द करा म्हणून दुसरा ठराव आणला. तो सरकारी बहुमतापुढे पडला. गोखले १९१५मध्ये गेले. १९१६ साली मदनमोहन मालवीयांचा तशाच मागणीचा ठराव सरकारने स्वीकारला, १९१७मध्ये महायुद्धाच्या कायद्याखाली भरती थांबली, आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतले उरलेले करार रद्द झाले.

१९२२चा उत्प्रवास कायदा आला तो या लढ्याच्या पार्श्वभूमीवर. अकुशल मजुरांना सरकारने ठरवून दिलेल्या देशांतच, ठरवून दिलेल्या अटींवर जाता येईल, असं त्याने म्हटलं. मधली दशकं इथे बाजूला ठेवतो.

मग सत्तरच्या दशकात आखाती तेलाचे भाव वाढले आणि मुंबई पुन्हा मजूर पाठवणारं शहर झाली. रत्नागिरी, खेड, चिपळूण, गोवा, केरळ, आंध्र. वर्तमानपत्रातली जाहिरात, एजंटाचं ऑफिस, मेडिकल, व्हिसा. १९२२चा कायदा या गर्दीपुढे अपुरा पडला, म्हणून १९८३चा उत्प्रवास कायदा आला, आणि आजही मुख्य कायदा तोच आहे. भरती करणारा एजंट नोंदणीकृत हवा. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ची, म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक असल्याची, नोंद होते, आणि सौदी, कुवेत, अमिराती, मलेशियासह १८ देशांत नोकरीसाठी जायचं तर त्याला आधी संरक्षकाची परवानगी लागते. परदेशी मालकाने मागणीपत्र आणि करार द्यायचा, एजंटाला मुखत्यारपत्र द्यायचं. एजंटाने कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घ्यायचं नाही. विमा सक्तीचा. २०१४पासून ही देवाणघेवाण ‘ई-मायग्रेट’ या संगणकीय व्यवस्थेतून होऊ लागली.

अधिकाऱ्याचं पदनामसुद्धा तेच आहे: प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स. अरकाटीही गेलेला नाही. गावात ओळखीचा सब-एजंट असतो, कायद्यात त्याला जागा नाही, आणि तीस हजारांच्या वरचे पैसे बहुतेक त्याच्याच हातून फिरतात. पर्यटन व्हिसावर माणूस पाठवला की परवानगीचा प्रश्नच उरत नाही.

आणि ते घातक कलम? आखातात कफील, म्हणजे प्रायोजक मालक, राहण्याच्या परवान्याचा धनी झाला. सौदीत कामगार निघून गेला तर मालक ‘हुरूब’, म्हणजे पळून गेल्याची नोंद, करत असे. ती नोंद झाली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, निरुपयोगी, आणि माणूस अटकेच्या भीतीत. नोकरी बदलायची तर जुन्या मालकाची संमती लागे. हे डर्बनचं १८९४ साल नाही तर काय?

म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांतले तिकडचे बदल मला आपल्याकडच्या कागदपत्रांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. अमिरातींनी २००९मध्ये पगार बँकेमार्फत देणं बंधनकारक करायला सुरुवात केली, त्यामुळे पगार थकला तर सरकारला तो नोंदींत दिसू लागला. कतारने फुटबॉल विश्वचषकाआधी, २०२०मध्ये, जुन्या मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलायची मुभा कायद्यात आणली आणि मार्च २०२१पासून दरमहा १,००० रियाल किमान वेतन लागू केलं. सौदीनेही त्याच महिन्यात काही अटींवर नोकरी बदलण्याची वाट मोकळी केली. घरकाम करणाऱ्यांना मात्र सौदीने त्या सुधारणांच्या बाहेर ठेवलं. आपल्या कितीतरी बायका याच कामाला जातात, आणि त्यांचा मालक कंपनी नसून एक कुटुंब असतं. त्या घराचं दार ठोठावून पगार मिळाला का, हे विचारायला अजून कुणी जात नाही.