१४. हीट शॉक प्रथिने
तापमान एकाएकी चढले की पेशी घाईने बनवते ती संरक्षक प्रथिने. या प्रतिसादाची पहिली खूण फेरुच्चो रितोसा यांना फळमाशीच्या गुणसूत्रांवरील फुगवट्यांत दिसली (१९६२). वनस्पतींतले सुरुवातीचे महत्त्वाचे काम सोयाबीनच्या रोपांवर झाले. वनस्पतींत या प्रथिनांची जनुके चालू करणारे प्रथिन, एचएसएफए१, एरवी एचएसपी७० आणि एचएसपी९० या हीट शॉक प्रथिनांनी जखडलेले असते. उष्णतेने पेशीतल्या इतर प्रथिनांच्या घड्या विस्कटू लागल्या की ही दोन्ही त्यांच्या डागडुजीकडे वळतात आणि एचएसएफए१ मोकळे होते. त्याचे तीन रेणू जोडले जाऊन डीएनएवरील ठरावीक जागी बसतात आणि काही मिनिटांत संरक्षक जनुकांचे काम सुरू होते. पुरेशी प्रथिने साठली की तीच त्याला पुन्हा अडकवतात. यामुळे रोपे उष्णतेला ‘सरावू’ शकतात : २८ अंश सेल्सिअसला वाढलेली सोयाबीनची कोवळी रोपे थेट ४५ अंशांत दोन तास ठेवली तर मरतात, आधी दोन तास ४० अंशांत ठेवलेली मात्र तगतात. हा सराव तात्पुरता असतो, काही दिवसांत ओसरतो. उष्णता सोसणारे वाण ही निराळी गोष्ट.